परदेशातून आलेली आत्या आणि हाताची घडी घातलेलं पोर : व्हिएतनामी घरांतले गैरसमज

पोफळी (धागाकर्ती)

तेतच्या, म्हणजे व्हिएतनामी चांद्र नववर्षाच्या, आधी सायगावच्या विमानतळाबाहेर एका माणसाला घ्यायला अख्खं घर येतं. कॅलिफोर्नियाहून वा मेलबर्नहून आलेली आत्या बाहेर पडते. सहा-सात वर्षांच्या पोराला कोणीतरी पुढे ढकलतं. पोर छातीवर हाताची घडी घालतं, मान खाली घालतं, काहीतरी पुटपुटतं आणि वर बघतच नाही. आत्या मिठीसाठी हात पसरते, तसं ते एक पाऊल मागे सरकतं. आत्याला वाटतं, हे रुसलंय. पोराने तर त्याला येणारा सगळ्यात चांगला नमस्कार केलेला असतो.

या हाताच्या घडीला 'ख्वान ताय' म्हणतात. बालवाडीपासून शिकवतात : दोन्ही हात छातीवर, मान किंचित वाकवून 'झा, कॉन चाओ को आ'. शब्दाला शब्द ठेवला तर 'जी, मूल आत्याला नमस्कार करतं जी'. आपल्याकडे 'हाताची घडी, तोंडावर बोट' ही शिस्त आहे. तिथे हाताची घडी हा आदर आहे. आणि अमेरिकेत वाढलेल्या माणसाला तीच घडी आडमुठेपणाची वाटते. वाक्याच्या सुरुवातीचा 'झा' (दक्षिणेत 'या') आणि शेवटचा 'आ' हे दोन एकाक्षरी मानाचे शिक्के आहेत. ते गाळले तर घरचे लगेच टोकतात.

माझं म्हणणं असं की बहुतेक गैरसमजांचं मूळ एका प्रश्नात असतं : या माणसाला हाक काय मारायची? ते ठरेपर्यंत व्हिएतनामी मूल तोंडच उघडू शकत नाही. कारण त्या भाषेत घरात वापरायला 'मी' आणि 'तू' हे कोरे शब्द नाहीत. 'आत्याने मुलासाठी काय आणलं?' असंच बोलायचं. नातं कळलं नाही, तर वाक्याचा कर्ताच सापडत नाही. पोर गप्प असतं ते लाजून नव्हे, व्याकरणात अडकून.

सॅन होजे, सिडनी, मेलबर्न इथल्या अनेक मराठी घरांना व्हिएतनामी शेजार आहे, काहींच्या घरात तिकडची सून किंवा जावई आहे. नात्यांचे शब्द, भेटवस्तू, पैसे, जेवण, बोली, काहीही लिहा. फक्त नेमकं लिहा. 'त्यांची संस्कृती वेगळी असते' एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

कानामात्रा

नात्यांपासून सुरू करतो, कारण इथे मराठी माणसाला इंग्रजी बोलणाऱ्यापेक्षा निम्मं काम आधीच झालेलं मिळतं.

दक्षिण व्हिएतनाममध्ये : वडिलांचा मोठा भाऊ 'बाक', धाकटा भाऊ 'चू', वडिलांची कुठलीही बहीण 'को', आईचा कुठलाही भाऊ 'कऊ', आईची कुठलीही बहीण 'यी'. म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी जसेच्या तसे. फक्त थोरल्या काकाला वेगळा शब्द. काकू 'थीम', मामी 'म', आणि आत्याच्या किंवा मावशीच्या नवऱ्याला 'यूंग'. आजीआजोबांना 'नोय' जोडलं की वडिलांकडचे, 'ङ्वाय' जोडलं की आईकडचे. ('वाङ्मय'मधला ङ इथे चक्क शब्दाच्या सुरुवातीला येतो. ङ्वियेन या आडनावातही तोच.)

उत्तरेत गणित बदलतं. आईचं असो वा वडिलांचं, मोठं भावंड म्हटलं की 'बाक', मग बाई असो की पुरुष. को, कऊ, झी (दक्षिणेतली 'यी') हे फक्त धाकट्यांसाठी. म्हणून हनोईच्या मुलासमोर सायगावी वळणाची आत्या आली आणि वडिलांपेक्षा मोठी असूनही 'मी तुझी को' म्हणाली, की मूल गोंधळतं. त्याच्या हिशोबाने तिने स्वतःला धाकटी करून घेतलं.

दुसरा खड्डा क्रमांकांचा. दक्षिणेत थोरल्या अपत्याला 'हाय', म्हणजे 'दोन' म्हणतात. मग बा (तीन), तू (चार), नाम (पाच), आणि शेंडेफळ 'उत'. एक नंबर कोणीच नसतो. 'चू बा' म्हणजे तीन नंबरचे काका, पण जन्माने दुसरे. उत्तरेत थोरल्याला 'का' म्हणतात आणि असे आकडे लावत नाहीत. परदेशात वाढलेली चुलत भावंडं 'बाक हाय' ऐकून पहिला बाक कुठे गेला ते विचारतात.

तिसरा खड्डा सगळ्यात खोल आहे. चुलत, आते, मामे, मावस भावंडांत दादा कोण हे वयावर ठरत नाही, आईबापांच्या क्रमावर ठरतं. थोरल्या भावंडाचं पाच वर्षांचं पोर हे धाकट्या भावंडाच्या तीस वर्षांच्या मुलाचा 'आन', म्हणजे दादा. म्हणच आहे : बाकाघरचं काळ्या केसांचं पोर मोठं, चूघरचं पांढऱ्या केसांचं धाकटं. टेक्सासहून आलेला तीस वर्षांचा तरुण त्या पाच वर्षांच्या पोराला 'छोट्या' म्हणतो आणि पोर गंभीरपणे त्याला 'एम', म्हणजे धाकट्या, म्हणून हाक मारतं, तेव्हा ते आगाऊपणा करत नसतं.

चहाबाज

वरच्यात भर. अ‍ॅपवर व्हिएतनामी शिकलेले नातेवाईक 'तोय' (मी) आणि 'बान' (तू, मित्रा) घेऊन येतात. पुस्तकात हे शब्द बरोबर आहेत. पण घरातल्या मुलाशी बोलताना मोठ्या माणसाने 'तोय' म्हटलं, तर ते सरकारी कचेरीतल्या खिडकीसारखं वाटतं, किंवा भांडण झाल्यासारखं.

मोठ्याने काय करावं : उकिडवं बसून मुलाच्या उंचीला यावं आणि आधी आपणच आपलं नाव सांगून टाकावं, 'को बा डाय', म्हणजे 'ही मी, को बा'. मुलाला 'कॉन' म्हणावं (उत्तरेत 'चाउ'ही चालतं). एवढ्या तीन शब्दांत मुलाला वाक्याचा कर्ता आणि कर्म दोन्ही मिळतात, आणि बोलणं सुरू होतं.

गोऱ्या नवऱ्याने 'मला नुसतं डेव्हिड म्हण' असा आग्रह धरू नये. मुलाला ते जमणार नाही, जमलं तर आजीचा ओरडा बसेल. 'यूंग डेव्हिड' किंवा 'चू डेव्हिड' म्हणू द्यावं.

मध्यरात्र

मिठीबद्दल एक. पूर्वापार चालीत लहान मुलाचा लाड म्हणजे गालाजवळ नाक नेऊन हुंगणं. उत्तरेत मुलांशी बोलताना त्याला 'थम' म्हणतात, आणि तो शब्द 'सुवासिक' या अर्थाचाच. आता दक्षिणेत 'थम' म्हणजे अननस. हनोईची आजी फोनवर 'आत्याला थम दे' म्हणाली, तर सायगावी वळणाच्या आत्याच्या डोळ्यांसमोर अननस येतो.

कानामात्रा

@मध्यरात्र, हा विषय काढलाच आहे तर बोलीची मोठी यादी आहे. १९७५मध्ये युद्धात दक्षिण व्हिएतनाम पडल्यानंतर बाहेर गेलेल्यांत दक्षिणेतले लोक फार होते. त्यांच्या घरातली भाषा त्या काळात थांबली, व्हिएतनाममध्ये मात्र शाळा, दूरदर्शन, वर्तमानपत्रं पुढे गेली. विमानतळाला आजोबा 'फी चुअंग' म्हणतात, नातवंडं 'सन बाय'. अर्थ कळतो, पण मुलाला ते आपल्याला 'विमानपत्तन' ऐकल्यासारखं वाटतं.

खरी पंचाईत शब्द तोच आणि अर्थ वेगळा असला की होते. 'ओम' : दक्षिणेत बारीक, उत्तरेत आजारी. सायगावी मावशी प्रेमाने 'पोर किती ओम झालंय' म्हणते आणि हनोईचं मूल 'मला ताप नाही' म्हणून सांगतं. (मराठी कानाला तिसराच अर्थ.) 'मन' : उत्तरेत आलुबुखाऱ्याच्या जातीचं फळ, दक्षिणेत आपल्याकडे जाम म्हणतात ते. 'चेन' : दक्षिणेत भाताचा वाडगा, उत्तरेत चहाची चिमुकली वाटी. 'झिया/यिया' : उत्तरेत काटा, दक्षिणेत ताटली. जेवायला बसल्यावर 'एक यिया आण' म्हटलं आणि मुलाने काटा आणला, तर ते ऐकत नाही असं नव्हे.

देवनागरीत लिहिताना सूर दाखवता येत नाहीत, ही आपली मर्यादा. उत्तरेत सहा सूर, दक्षिणेत बोलताना त्यातले दोन एक होतात. 'बा' सपाट सुरात म्हटलं तर दक्षिणेत बाबा, आणि 'तीन'सुद्धा. उतरत्या सुरात म्हटलं तर आजी. परदेशात वाढलेलं मूल आजीला सपाट सुरात हाक मारतं आणि सगळे हसतात. ते हसणं थट्टेचं नसतं, पण मुलाला तसं सांगावं लागतं.

आंबटगोड

भेटवस्तूंचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. इथे पैसा खर्च करून नाराजी विकत घेतली जाते.

पहिलं, मापं. फोनवर 'पोर किती वर्षांचं?' विचारून कपडे घेऊ नका. आजी 'तुओय मू' सांगते : जन्मताच एक, आणि पुढे प्रत्येक तेतला एक. उदाहरणार्थ १० जानेवारी २०२३ला जन्मलेलं मूल घ्या. त्या वर्षी तेत २२ जानेवारीला होतं, म्हणजे बाराव्या दिवशी ते 'दोन वर्षांचं' झालं. १७ फेब्रुवारी २०२६च्या तेतला ते खरं तर तीन वर्षांचं, आजीच्या हिशोबाने पाच. दोन वर्षं मोठ्या मापाचा फ्रॉक येतो तो असा. जन्मतारीख, उंची सेंटिमीटरमध्ये आणि कागदावर पाय ठेवून काढलेली रेघ, या तीन गोष्टींचा फोटो मागवा.

दुसरं, राशीचे प्राणी. चिनी चक्रात जिथे ससा आहे तिथे व्हिएतनामी चक्रात मांजर आहे, आणि बैलाच्या जागी म्हैस. २०२३ हे मांजराचं वर्ष. अमेरिकेतल्या दुकानातून सशाची माळ आणली तर मुलाला कळत नाही ही कोणासाठी. आणि वर सांगितलेलं १० जानेवारीचं मूल मांजरही नव्हे. तेत यायचं होतं, म्हणून ते आदल्या वर्षाचं वाघच.

तिसरं, वस्तू उघडणं. मूल दोन्ही हातांनी घेईल, 'झा, कॉन काम अन को' म्हणेल आणि बाजूला ठेवून देईल. देणाऱ्यासमोर फाडून बघणं हावरटपणाचं समजतात. चॉकलेटचा डबा असेल तर बऱ्याच घरांत तो आधी पूर्वजांच्या चौथऱ्यावर, 'बान थ'वर जातो, उदबत्ती लागते (विषम संख्येत, एक किंवा तीन), मग खाली येतो. नैवेद्य दाखवल्याशिवाय हात लावायचा नाही हे आपल्याला समजावून सांगायला नको. आत्या मात्र मुलाचा चेहरा उजळायची वाट बघत तिथेच बसलेली असते. तिने आधीच सांगावं : 'को समोर उघडलं तर कोला आवडेल.' परवानगी मिळाली की मूल दोन मिनिटांत पाचही खोकी फोडतं.

वाटसरू

पैशांच्या लाल पाकिटाचं, 'ली सी'चं. नोटा कोऱ्या लागतात. चुरगळलेली नोट नको. तेतच्या आधी बँकांत कोऱ्या लहान नोटांची चणचण असते, म्हणून महिनाभर आधी घरच्यांना सांगून ठेवा. चाराचा आकडा टाळतात. दोन डॉलरची अमेरिकी नोट शुभ मानतात आणि पोरांना ती खर्चायची नसून जपायची असते, त्यामुळे परदेशी नातेवाइकाला सगळ्यात सोपी आणि खात्रीची भेट तीच.

रकमेत दोन चुका होतात. एक, २०,००० आणि ५,००,००० डोंगच्या दोन्ही नोटा निळ्या. रात्रीच्या उजेडात, प्रवासाने दमलेला माणूस शेजारच्या पोराला वीस हजारांऐवजी पाच लाख देऊन बसतो. (एका डॉलरला साधारण २६,००० डोंग धरा.) पाकिटं आदल्या दिवशी भरून, कोपऱ्यावर पेन्सिलीने खूण करून ठेवा. दोन, एकाच फळीतल्या मुलांना वेगवेगळी रक्कम. सख्ख्या भाच्याला जास्त द्यायचं असेल तर ते तेतच्या पाकिटात नको, नंतर शाळेच्या नावाने आईच्या हातात द्या. पोरं पाकीट तुमच्यासमोर उघडत नाहीत, पण जिन्याखाली हिशोब होतोच. घरात अचानक येणाऱ्या मुलांसाठी दहा-पंधरा जास्तीची पाकिटं हवीतच.

मुलाने पाकीट घेण्याआधी शुभेच्छेचं एक वाक्य म्हणायचं असतं. आत्याने घाईने पाकीट हातात कोंबलं तर आजी ते परत द्यायला लावून वाक्य म्हणवून घेते. पोर रडवेलं होतं. तेव्हा पाकीट हातात धरून थोडं थांबा.

सुपारी

एक शंका. हे सगळं अजून पाळतात का? हनोई-सायगावच्या शहरी शाळांतली पोरं इंग्रजी कार्टून बघतात, मिठ्या मारतात, 'हाय' म्हणतात. आपण पन्नास वर्षांपूर्वीचं व्हिएतनाम तर रंगवत नाही ना?

पोफळी

शंका रास्त आहे. मिठी बदलली, पाकीट काही घरांत समोर उघडतात, दक्षिणेत जेवणाआधीचं 'मोय' (मोठ्यांना जेवायला बोलावणं) फारसं म्हणतही नाहीत. पण नात्याची हाक बदललेली नाही, कारण ती चाल नसून व्याकरण आहे. इंग्रजी कार्टून बघणारं मूलसुद्धा आत्याशी व्हिएतनामीत बोलायला लागलं की 'को' आणि 'कॉन' लागतातच.

शिवाय उलटंही घडतं. परदेशातल्या काही घरांत जुन्या रीती व्हिएतनाममधल्यापेक्षा कडक जपलेल्या असतात. मग सिडनीचे आजोबाच सायगावच्या नातवाला 'हाताची घडी कुठे गेली?' म्हणून विचारतात.

चहाबाज

जेवणाचं 'मोय' उत्तरेत अजून भक्कम आहे. लहानाने मोठ्यांना वयाच्या क्रमाने, एकेकाला नाव घेऊन जेवायला बोलवायचं : आजोबा, आजी, बाक, बाबा, आई. सहा माणसं असतील तर सहा वेळा. परदेशी पाहुण्याने मधेच घास घेतला की मुलाचा क्रम चुकतो आणि ते पहिल्यापासून सुरू करतं. पाहुण्याने एवढंच करावं : सगळ्यात मोठं माणूस काड्या उचलेपर्यंत थांबावं, आपलं नाव आलं की 'मोय कॉन' म्हणावं.

भातात काड्या उभ्या खोचून ठेवू नका. मृतासमोर ठेवलेल्या भाताची आणि उदबत्तीची ती खूण आहे. तिकडची मुलं हे बघून खरंच दचकतात.

आग्रहाचं मात्र आपल्यासारखंच. मूल पहिल्यांदा 'नको' म्हणतं, दुसऱ्यांदाही. याला 'लाम खाक' म्हणतात, पाहुण्यासारखं वागणं. अमेरिकी वळणाचा मामा एकदा विचारतो, 'नको' ऐकतो आणि शेवटचा तुकडा स्वतः खातो. मूल बघत राहतं. तीनदा विचारा, किंवा न विचारता वाडग्यात घाला. आणि 'तुला काय हवं?' असा मोकळा प्रश्न विचारला तर 'काहीही चालेल' हेच उत्तर येणार. 'आइस्क्रीम की उसाचा रस?' असं विचारा.

मध्यरात्र

'झा'चा घोळ राहिला. मूल 'झा' म्हणालं म्हणजे 'हो' असेलच असं नाही. बऱ्याचदा 'ऐकतोय' एवढंच. शिवाय नकारार्थी प्रश्नाला ते मराठीसारखं उत्तर देतं. 'तुला यायचं नाही का?' 'झा' म्हणजे 'हो, नाही यायचं'. इंग्रजीत विचार करणारा काका त्याचा अर्थ 'यायचंय' असा घेतो आणि पोराला गाडीत बसवतो.

तसंच हसणं. कप फुटला, रागावलं, तर मूल ओशाळून हसतं. उद्धटपणा समजून आवाज चढवला की ते आणखी हसतं.

आणि हात : तळवा वर करून बोटाने 'ये' म्हणणं कुत्र्यासाठी. तळवा खाली ठेवून बोटं हलवा. दोन बोटं एकमेकांवर चढवून 'शुभेच्छा' दाखवणं तर अजिबात नको, तिकडे ती घाणेरडी खूण आहे. मुलाने ती उचलून शाळेत केली तर निस्तरावं आईला लागतं.

आंबटगोड

बाळ अगदी तान्हं असेल तर कौतुक जपून. 'किती गुटगुटीत!' म्हटल्यावर आजीचा चेहरा पडतो, कारण दृष्ट लागते. उत्तरेत कौतुकाआधी 'चोम विया' म्हणतात, मग काहीही बोला. घरातली नावंही त्याच भीतीतून : पूर्वी मुद्दाम ओबडधोबड नावं ठेवत, आता कुन (कुत्र्याचं पिल्लू), तोम (कोळंबी), गऊ (अस्वल) अशी लाडाची. आपले दगडू, धोंडू, केरू याच कुळातले. परदेशी आत्याला वाटतं, पोराला कुत्रं म्हणून चिडवतायत. शाळेच्या वहीवरचं नाव वेगळं असतं, ते विचारून घ्या, कारण पार्सलवर आणि कागदांवर तेच लागतं.

उलट मोठ्या माणसाला 'जाडी झालीस, पगार किती, लग्न का नाही?' हे मूलसुद्धा विचारेल. वयाचा प्रश्न तर हाक ठरवायलाच असतो. बाकीचं मनाला लावून घेऊ नये.

वाटसरू

राजकारणाचं एकच लिहितो आणि थांबतो. ३० एप्रिल मुलाच्या शाळेत दक्षिणेच्या मुक्तीचा दिवस असतो, परदेशातल्या कितीतरी आजोबांच्या घरी तो दुःखाचा दिवस असतो. पिवळ्यावर तीन लाल पट्ट्यांचा दक्षिण व्हिएतनामचा जुना झेंडा छापलेला टीशर्ट मुलासाठी आणू नका; त्याला त्याचा अर्थ माहीत नसतो आणि त्रास त्याच्या आईबापांना होतो. मुलानेही आजोबांना आताच्या लाल झेंड्याचं चित्र भेट देताना आईला आधी विचारलेलं बरं.

कानामात्रा

येण्याआधीची तयारी कोणी विचारली तर : पंधरा दिवस आधी आजीने मुलाला फोटो दाखवून तीनच गोष्टी शिकवाव्यात. ही कोण (बाबांची मोठी बहीण), हाक काय, आणि तिच्या मुलांना आन म्हणायचं की एम. मग दोन व्हिडिओ कॉल. कॅलिफोर्निया हिवाळ्यात व्हिएतनामच्या पंधरा तास मागे, उन्हाळ्यात चौदा. कॅलिफोर्नियातली संध्याकाळी पाचची वेळ म्हणजे व्हिएतनाममध्ये हिवाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळचे आठ. मुलाच्या दुपारच्या झोपेत (साधारण साडेअकरा ते दीड) फोन नको, आणि आल्यावरही त्या वेळी फिरायला न्यायचा हट्ट नको.

वाटसरू

कागदांचंही जोडतो. परदेशी पासपोर्टवर आलेला नातेवाईक घरी राहणार असेल तर घरमालकाने बारा तासांत (दुर्गम भागात चोवीस) स्थानिक पोलिसांकडे नोंद करायची असते. ५,००० डॉलरपेक्षा जास्त रोकड असेल तर विमानतळावर जाहीर करावी लागते. आणि तेतच्या मध्यरात्री उतरत असाल तर टॅक्सीतून थेट घरात शिरू नका. वर्षातलं पहिलं पाऊल घरात कोणाचं पडावं हे घरच्यांनी जन्मवर्ष बघून ठरवलेलं असतं. दाराबाहेर थांबा, फोन करा, ठरलेलं माणूस आत गेलं की मग तुम्ही.

सुपारी

पटलं. शेवटची शंका : आत्या वडिलांची सख्खी नसून मानलेली असेल तर?

कानामात्रा

तरी वयच बघायचं, पण वडिलांच्या वयाशी तुलना करून. मोठी असेल तर बाक, लहान असेल तर को. अंदाज येत नसेल तर लहानाकडून चूक मोठं म्हणण्याकडे झुकू द्यावी असा रिवाज आहे. अपवाद तिशीतल्या बाईंचा. त्यांना बाक म्हटलेलं तिकडेही आवडत नाही.